दुसरा सांगावा

"ज्याचं उत्तर फक्त दीपकलाच माहीत असेल असा एक प्रश्न द्या," असं परराष्ट्र खात्यातल्या दिल्लीच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात पोषण आहाराची खिचडी चाखून बघत होते. मुख्याध्यापिकेला ते करावंच लागतं. मॅडम हिंदीत बोलत होत्या, मी मराठी मिसळलेल्या हिंदीत. दीपकला धरून ठेवलेली टोळी म्हणत होती की पाचही माणसं जिवंत आहेत. सरकारला त्याचा पुरावा हवा होता, कारण मेलेल्या माणसाच्या बदल्यात कुणी कैदी सोडत नाही. हे वाक्य त्यांनी अगदी सहज उच्चारलं. तो घास मी तसाच गिळला.

दीपक माझा धाकटा भाऊ. भवानीनगरच्या कारखान्यात तो पॅनमन होता, म्हणजे उसाचा रस आटत आला की साखरेचा दाणा कधी धरतो ते नजरेनं ओळखणारा माणूस. आफ्रिकेतल्या एका देशात नवा साखर कारखाना उभा राहत होता, तिथे दोन वर्षांच्या करारावर तो गेला. सोबत ऋषिराज होता, मोरगावकडचा फिटर. दोघे भवानीनगरला एकाच पाळीत काम करायचे, त्यामुळे आम्हालाही वाटलं की चला, एकाला दोघे आहेत. सातव्या महिन्यात कारखान्याची गाडी रस्त्यात अडवून टोळीनं पाच भारतीयांना उचललं. त्या देशाचं आणि टोळीचं नाव मी लिहीत नाही, तसं मॅडमना कबूल केलंय. टोळीची तिथल्या सरकारकडे मागणी साधी होती: आमचे अकरा जण तुमच्या तुरुंगात आहेत, ते सोडा आणि हे पाच घेऊन जा.

आमच्या सांगवीत बातमी पसरल्यावर पहिले पंधरा दिवस आमचं घर माणसांनी भरलेलं असायचं. पुढे ऊसतोड सुरू झाली आणि जो तो आपापल्या फडात गेला. मी कुणाला दोष देत नाही. दुसऱ्याच्या घरच्या काळजीला माणूस किती दिवस पुरणार? राहिलो आम्ही घरातले: आई, दीपकची बायको सोनम, त्यांची चार वर्षांची छकुली आणि मी. मी लग्नानंतर दोन वर्षांत माहेरी परत आलेली, तेव्हापासून या घरात शेवटचा शब्द माझा असतो. आईला ते फारसं आवडत नाही.

प्रश्न कोणता द्यायचा यावर त्या दिवशी आमची बरीच खडाजंगी झाली. सोनमनं सुचवलेले प्रश्न लग्नातले होते आणि लग्नातलं सगळं अर्ध्या गावाला ठाऊक होतं. मग मला कावळा आठवला.

दीपक अठरा वर्षांचा असताना सकाळी परड्यात तोंड धूत होता आणि एका कावळ्यानं त्याच्या डोक्याला पाय लावला. याला आमच्याकडे कावळा शिवणं म्हणतात. माणसाचं मरण जवळ आल्याची ती खूण. त्यावर उतारा एकच आहे. जवळच्या नात्यातल्या कुणाला तरी तो माणूस गेल्याचा खोटा सांगावा धाडायचा. समोरच्यानं तो खरा समजून रडायला हवं. रडणं झालं की मरण फसतं, आपलं काम उरकलं असं समजून निघून जातं. नंतर दुसरा सांगावा द्यायचा, की तो आहे. पहिला कुणीही दिला तरी चालतो, दुसरा मात्र घरच्याच माणसानं द्यायचा आणि रडलेल्याच्या तोंडात गूळ घालायचा.

आईनं मला आत्याला फोन करायला सांगितला. मी तेव्हा नुकतीच डी.एड.ला गेलेली, अंगात नवं वारं. म्हटलं, असली थेरं मी करणार नाही. आई रडकुंडीला आली. शेवटी दीपकनंच फोन उचलला, नाक दाबून घोगऱ्या आवाजात "तुमचा दीपक गेला हो" असं आत्याला सांगितलं आणि ठेवून दिला. आम्ही दोघं हसून हसून लोळलो. तासाभरानं तोच सायकलवरून गुळाचा खडा घेऊन आत्याकडे गेला आणि तिनं त्याला केरसुणीनं बडवला. पहिला फोन कुणी केला हे आत्याला शेवटपर्यंत समजलं नाही. ते आम्हा तिघांतच राहिलं.

"तू मेल्याचं आत्याला कुणी सांगितलं?" हा प्रश्न मी लिहून काढला तेव्हा आईनं माझ्या हातातला कागद ओढला.

"असला इपरीत सवाल धाडू नगंस. माणूस मरणाच्या दारात हाय आन् तू त्याला मेल्याचं इचारतीस व्हय?"

"आई, ह्याचं उत्तर दुसऱ्या कुणाला येनारच न्हाय. तेच तर पायजे त्यांना."

संक्रांतीचा दिवस होता. आईचं मी ऐकलं नाही. प्रश्न गेला.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. मॅडमनी ते फोनवर वाचून दाखवलं: "मीच सांगितलं. नाक दाबून." वर्गात पोरं पाढे म्हणत होती आणि मी फळ्यापाशी खालीच बसले. मला हसू येत होतं, डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि पहिल्या बाकावरची पोरगी घाबरून माझ्याकडे बघत होती. उत्तराच्या मागे अजून एक वाक्य होतं, ते मॅडमना उमगलं नव्हतं. "काळीला मीठ दिलं का?" ही काळी कोण, असं त्यांनी विचारलं. मलाही माहीत नव्हतं. आईनं ठरवून टाकलं की पाच वर्षांपूर्वी विकलेली काळी म्हैस. मी म्हटलं, उपाशी माणूस काहीही बरळतो. उत्तर बरोबर होतं, मग शेपटाकडे कोण बघतो.

चार मार्चला अदलाबदल झाली. अकरा कैदी सुटले आणि चार भारतीय आले. पाचवा ऋषिराज. टोळीनं आता आणखी कैदी मागितलेत आणि त्याचं नाव पुढच्या फेरीत आहे, असं मॅडम म्हणाल्या. त्याच्या आईच्या प्रश्नाचंही बरोबर उत्तर आलेलं आहे, म्हणजे तो सुखरूप आहे, बोलणी चालू आहेत.

दीपक आला त्या दिवशी वेशीपासून घरापर्यंत चार फ्लेक्स लागले होते. त्यातल्या एकावर दीपकपेक्षा सरपंचाचा फोटो मोठा होता. डीजेची गाडीही उभी होती. ती मी स्वतः जाऊन बंद पाडली आणि तरुण मंडळाशी कायमचं वाकडं घेतलं. दीपक गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या अंगावरचा शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसत होता. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. तरी तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, मान खाली घालून. आम्हाला वाटलं भरून आलं असेल. बराच वेळ गेल्यावर छकुलीनं म्हटलं, "पप्पा, आत या," तेव्हा तो आत आला. कुणी सांगितल्याशिवाय तो दारातून आत-बाहेर करत नाही, हे आम्हाला दोन दिवसांनी समजलं. डॉक्टर म्हणाले, जाईल हळूहळू.

ते जाईना. उलट नवीनच काही येऊ लागलं. आमचं घर उसाचं. दोन जर्सी गाया सोडल्या तर आमच्याकडे जनावर नाही आणि शेळ्यामेंढ्या तर आमच्या सात पिढ्यांत कुणी राखलेल्या नाहीत. एकदा दुपारी रस्त्यानं मेंढरांचा कळप चालला होता, तेव्हा दीपकनं ओट्यावर बसल्या बसल्या जीभ टाळूला लावून एक आवाज काढला. कळप जागच्या जागी थांबला. मागून येणारा मेंढका आमच्या ओट्याकडे बघतच राहिला. आईला तो "आये" म्हणू लागला. आमच्याकडे आईला आईच म्हणतात. आणि रोज चारच्या सुमारास, हातातलं काम टाकून, तो उठून उभा राहायचा आणि काहीतरी राहून गेल्यासारखा अंगणभर बघायचा.

सोनम मला एकदा पाण्याच्या मोटारीपाशी म्हणाली, "ताई, ह्येंच्या अंगाला वास येतुया. घाण न्हाय, पर ह्येंचा न्हाय." मी तिला झापलं. ती जे बोलली ते मलाही जाणवत होतं आणि म्हणूनच झापलं.

मला माझा भाऊ परत हवा होता. नाक दाबून आत्याला फसवणारा, मला "हेडबाई" म्हणून चिडवणारा. सरकारनं अकरा माणसं मोजून दिली होती त्याच्यासाठी आणि आमच्या ओट्यावर येऊन बसला होता तो कुणी भलताच. एका दुपारी मी त्याच्यासमोर पाट घेऊन बसले आणि तिथलं सगळं सांग म्हटलं.

त्यानं आधी सुटकेचा दिवस सांगितला. कोरडी नदी होती. एका काठावर हे चौघे, दुसऱ्या काठावर अकरा जण. दोन्हीकडच्यांनी एकदम निघायचं आणि मागे वळून बघायचं नाही, असं बजावलेलं. ऐकून मला आपल्याकडचं आठवलं, माती देऊन परतताना वळून बघत नाहीत ते.

"मधी गेल्यावर ते आमच्या अंगावरनं गेलं," दीपक म्हणाला. "माझ्या समोरनं आला त्यो म्हातारा व्हता. पायात फाटकी चप्पल. त्यानं माझ्या मागं बघितलं आन् वाट दिली. माझ्या मागं कुणीच नव्हतं, ताई. मी शेवटचा व्हतो. पर वाळूत पाय वाजत व्हते."

"ते जाऊ दे. तू उत्तरात काळीचं काय म्हणालास? काळी कोण?"

"कसलं उत्तर?"

"आमी प्रश्न पाठवला होता ना. आत्याचा."

"मला कुणी काय इचारलंच न्हाय," तो म्हणाला. "काळी ऋषिराजची शेळी. त्याची आई तिला रोज चार वाजता खडामीठ देती. ऊन कललं की तितं बी त्यो म्हणायचा, काळीला मीठ दिलं का."

"ऋषिराज कसा आहे?"

"त्यो गेला."

हे दोन शब्द बोलायला त्याला किती दिवस लागले ते मला तेव्हा दिसलं. तापानं गेला. दोघांना एका खोलीत ठेवलेलं, बाकीचे तिघे कुठेतरी लांब. दीपकनं हातानं वाळू उकरून त्याला पुरलं. दुसऱ्याच दिवशी पहारेकरी बदलले. नव्यांना कोण कुठला ठाऊक नव्हतं, त्यांच्याकडे फक्त नावं होती. काही दिवसांनी एक जण फोन घेऊन आला आणि त्यानं ऋषिराजचं नाव पुकारलं.

"मी हात वर केला," दीपक म्हणाला. "मला वाटलं, नाव घेत्यात त्याला सोडत्यात. म्हणून मी त्याचं नाव घेतलं. त्या फोनवाल्यानं इचारलं, बाप गेला तवा तू कुठं लपला व्हतास. मी म्हणलं, बाजरीच्या कणगीत. मला ठावं व्हतं. अंधारात आमी सगळंच एकमेकाला सांगितलं व्हतं. त्याच्या घरातला गुळाचा डबा कुठं असतो, हितपातूर."

म्हणजे तिकडे मोरगावजवळच्या वस्तीवर ऋषिराजची आई बानूबाई पोराची वाट बघत होती, ती माझ्या भावाच्या एका उत्तराच्या भरवशावर. मला त्याचा संताप आला आणि कीवही आली. त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मला सांगता येणार नाही. कुणीच सांगू नये.

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर दीपकनं दिलेलंच नव्हतं.

"ऋषिराज कधी गेला?" मी विचारलं.

त्यानं खिशातून एक सुतळी काढली. पोत्याची, मळून काळी झालेली. ऋषिराज गेला त्या दिवसापासून सुटकेपर्यंत रोज सूर्य बुडताना त्यानं एक गाठ मारली होती. मी त्या गाठी दोनदा मोजल्या. एक्काहत्तर. चार मार्चपासून मागे गेलं तर डिसेंबरची तेवीस तारीख येते. आम्ही प्रश्न पाठवला संक्रांतीला. माणसाच्या हातून चार-पाच गाठी चुकतील, पण तीन आठवडे चुकतील?

मी मॅडमना फोन लावला. दीपकनं सांगितलेलं सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या की कैदेत राहिलेल्यांच्या डोक्यात वेळेचा घोळ होतो, माणसांचाही होतो. उत्तर आवाजात रेकॉर्ड होऊन आलं होतं, हवं तर पाठवते, ऐकून खात्री करा. आणि ऋषिराजबद्दल कुठेही बोलू नका, त्याच्या नावावर तिथे अजून बोलणी चालू आहेत.

रेकॉर्डिंग अकरा सेकंदांचं होतं. गोठ्यात गायांना वैरण टाकता टाकता दीपकच्या शेजारी उभी राहून मी ते लावलं. आधी नुसता वारा. मग एक आवाज, दबका, खालच्या पट्टीतला: "मीच सांगितलं. नाक दाबून." पुन्हा वारा. "काळीला मीठ दिलं का?"

तो आवाज दीपकचा नव्हता. हे ओळखायला मला सेकंदही लागला नाही. संक्रांतीनंतर आम्ही सगळे ज्या उत्तरावर जगलो ते मी स्वतःच्या कानांनी कधी ऐकलंच नव्हतं.

"ऋष्या हाय," दीपक म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती आणि त्याचीच मला भीती वाटली. "मी त्याचं उत्तर दिलं, त्यानं माझं दिलं."

"दीपक, तो जिवंत असंल मग. तुझी काहीतरी चूक होत असंल."

"मी माझ्या हातानं त्याच्या तोंडावर वाळू लोटली, ताई."

गाया वैरण खाईनात. त्या दीपकच्या अंगापासून लांब, दाव्याला ताण देऊन उभ्या होत्या.

मी शिक्षिका आहे. भानामती, अंगात येणं, करणी, असल्या गोष्टींवर मी पोरांना तास घेतलेत. तरी त्या क्षणी माझ्या मनानं जे ठरवलं ते पुस्तकातलं नव्हतं. मला वाटलं, या दोघांनी एकमेकांची नावं घेतलीत आणि ती अजून परत केलेली नाहीत. दीपकनं बानूबाईला तोंडानं सांगितलं पाहिजे की तिचा मुलगा गेला. मग तो आपला आपण होईल. मॅडमचं म्हणणं गेलं खड्ड्यात. दीपकनं दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा मी आवाज चढवला तसा तो मुकाट्यानं स्कूटरवर मागे बसला. हुकूम आला की ऐकायची त्याला सवयच लागली होती आणि मी त्या सवयीचा फायदा घेतला. हे मी आता कबूल करते.

बारामती सोडल्यावर ऊस विरळ होत जातो आणि मोरगावच्या अलीकडे उघडी माळरानं लागतात. पत्ता मला मॅडमकडून आधीच मिळालेला होता, पण त्याची गरजच पडली नाही. प्रत्येक फाट्यावर दीपक मागून नुसता माझ्या खांद्याला हात लावायचा, डावा किंवा उजवा. तू इथे कधी आला होतास का, असं मी एकदा विचारलं. वाऱ्यात त्याला ऐकू गेलं नसावं.

वस्तीवर दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पुढे बाभळीच्या काट्यांचं कुंपण, त्यात सात-आठ शेळ्या. एक मोठं कुत्रं माझ्यावर धावून आलं. दीपक उतरला तसं ते गप्प झालं आणि त्याच्या पायाशी जाऊन पडलं. कुंपणातली एक काळीकुळकुळीत शेळी ओरडायला लागली.

बानूबाई बाहेर आली. साठीची, काटक बाई. मी कोण, हा कोण, ते सांगितलं. दीपकचं नाव ऐकताच तिनं त्याचे दोन्ही हात धरले.

"म्हंजी तू माझ्या लेकाबरं व्हतास. बस, बाबा, बस. कसा हाय त्यो? मॅडम म्हणल्या, पुढल्या फेरीला येतुया."

दीपक बसला नाही. उभ्यानंच, खाली बघत, त्यानं सांगितलं. ताप, वाळू, सगळं. कणगीचं उत्तर आपण दिलं, तेही त्यानं सांगितलं. एकही शब्द त्यानं गाळला नाही. माझ्या भावाचा मला त्या क्षणी अभिमान वाटला.

बानूबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तिनं तोंडाला पदर लावला आणि मोठ्यानं गळा काढला. बाप गेला तेव्हाचं, पोरगं कणगीत लपलं तेव्हाचं, परदेशी धाडलं तेव्हाचं, सगळं ती आठवून आठवून रडली. शेळ्या गप्प झाल्या. मीही रडत होते. मला वाटलं, झालं, आता हे संपलं.

मग ती थांबली. नळ बंद करावा तशी थांबली. तिनं डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि पदर नीट केला.

"रडले म्या. मनापासनं रडले," ती म्हणाली. "आता खरं सांगा."

मला समजेना. "मावशी, खरंच सांगितलं त्यानं."

"कावळा शिवला असंल त्याला तितं," ती मला समजावणीच्या सुरात म्हणाली, जशी मी पहिलीच्या पोरांना समजावते. "सरकार म्हणतं हाय, तुमी म्हणता न्हाय. जितं माणूस मेल्याचा सांगावा आणखी कशापायी आणत्यात? आमच्यात बी हाय ती रीत. पहिला तुमी दिला. तुमचं उपकार झालं. आता दुसरा पायजे."

गेलाय म्हटलं तर ती पुन्हा रडणार आणि पुन्हा खरं काय ते विचारणार. आहे म्हटलं तर ते मी कुठल्या तोंडानं म्हणू? माझ्या पर्समधल्या फोनमध्ये तिच्या मुलाचा आवाज होता, तो मेल्यानंतर तीन आठवड्यांनी बोललेला. तो लावावा असा विचार माझ्या मनात आला आणि मीच दचकले.

"दुसरा घरच्यानंच द्यायचा असतो, मावशी," मी म्हणाले. वेळ मारून न्यायला म्हणाले. आयुष्यात इतकं चुकीचं वाक्य मी कधी बोललेली नाही.

चार वाजले असावेत. दीपक हलला. त्याला कुणीही आत जायला सांगितलं नव्हतं, तरी तो उंबरा ओलांडून थेट घरात गेला, वाकून, कारण चौकट बुटकी होती आणि ती त्याला न बघता समजली. आत डबा वाजला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या एका हातात खडामीठ होतं आणि दुसऱ्यात गुळाचा खडा. आधी कुंपणापाशी जाऊन त्यानं काळीपुढे मूठ धरली. ती त्याच्या तळहातावरून मीठ चाटू लागली. चाटून झाल्यावर हात धोतराला पुसावा तसा त्यानं पॅन्टला पुसला आणि बानूबाईसमोर येऊन उभा राहिला.

"मी हाय, आये," तो म्हणाला आणि गूळ तिच्या तोंडात घातला.

तो आवाज मी गोठ्यात ऐकलेला होता.

बानूबाईनं गूळ चघळला, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. मग ती माझ्याकडे वळली. "बस की बाई, लांबनं आलीयास. चा टाकू का?" असं तिनं मला विचारलं. पाहुण्याला विचारतात तसं. त्याला काही विचारलं नाही.

"दीपक, चल," मी म्हणाले. "दीपक, निघायचंय आपल्याला. छकुली वाट बघतीय." मी चार वेळा म्हटलं. पाचव्या वेळी ओरडले. कुत्रं माझ्यावर गुरगुरलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, ओळखीनं, आदरानं, आणि माझी पर्स ओट्यावरून उचलून माझ्या हातात दिली.

"सावकाश जावा, ताई," तो म्हणाला. "तुमी एवढ्या लांब आला, लई बरं वाटलं."

मला जन्मात कधी तो तुम्ही म्हणाला नव्हता. मी रडले नाही. माझ्या अंगावर काटा आला होता आणि त्याच्या खाली, खरं सांगायचं तर, मला बानूबाईचा हेवा वाटत होता. मी स्कूटर सुरू केली. कुंपणाच्या वळणावर वळून बघायची फार इच्छा झाली. नाही बघितलं.

बारामतीच्या अलीकडे आईचा फोन आला. मी गाडी कडेला घेतली. मागून तव्याचा आवाज येत होता.

"कुठवर आलासा?" आई विचारत होती. "पीठ मळलंय. दोघांच्या भाकऱ्या टाकू का?"

"माझीच टाक," मी म्हणाले.